समाधान कोणी कोणास शिकवावे?

वाचकहो, आपल्या सर्वांच्या तोंडी असलेले एक वाक्य आहे, "आहे त्यात समाधान मानावे." हे वाक्य मी अनेक वेळा उच्चारिले आहे, आणि ते उच्चारिताना आपण काही शहाणपणाचे बोलत आहो असेच मला वाटत असे. परंतु गेल्या दिवाळीनंतर एका सोळा वर्षांच्या मुलाने मला असा एक प्रश्न केला की, त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या जिभेवर सहज येत नाही. ती हकीकत आणि तीवरून मनात आलेले विचार मी येथे मांडीत आहे.

आमच्या पाड्यावरील एका गृहस्थाने पावसाळ्यात वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली होती. थोरल्या मुलीच्या लग्नात खर्च झाला, भात यंदा बरे आले नाही, घरात दाणा नाही. मग मनुष्य करणार काय? उचल देताना मुकादमाने तीन माणसांचे हात मोजले: बाप, आई आणि धाकटा मुलगा. हा मुलगा दहावी उतरून तलासरीस अकरावीत शिकत होता. भातकापणी संपताच वसईच्या बाजूस भट्टीवर निघण्याची वेळ आली, तेव्हा मुलगा म्हणाला, "मी येणार नाही, मला शिकावयाचे आहे." बापलेकांत बोलाचाली झाली, आणि बाप मजकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगा त्याला. तुमचे ऐकेल तो."

मी मुलास बोलाविले. बापाचा शब्द राखावा, घरची स्थिती ओळखावी, फार मोठ्या उड्या मारू नयेत, असे मी त्यास सांगितले, आणि शेवटी माझे आवडते वाक्य जोडिले, "बाळ, आहे त्यात समाधान मानावे." मुलगा खाली पाहून ऐकत होता. मग तो अगदी हळू बोलला, "गुरुजी, तुमची दोन्ही मुले कॉलेजात आहेत ना?"

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. असता तर मला रागावता तरी आले असते. तो खरोखरच विचारीत होता. मी काही उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते.

रात्री अंथरुणावर पडून मी विचार करू लागलो. समाधान हा सद्गुण आहे की नाही? तो सद्गुण आहे ह्यात मला शंका नाही. ज्याची हाव कधी शमत नाही, तो शेजाऱ्याचा बांध कोरतो, खोटे माप वापरितो आणि झोपेतही हिशेब करितो. ज्यास पुरेसे म्हणजे किती हे कळले, तो मोकळा झाला. मग त्या मुलास मी सांगितले त्यात चूक कोठे झाली?

चूक अशी की, उपवास आणि उपासमार ह्यांत मी भेद केला नाही. ज्याच्या घरात भाकरी आहे आणि जो आपण होऊन ती बाजूस ठेवितो, त्याने उपवास केला. त्यास पुण्य म्हणा, संयम म्हणा. परंतु ज्याच्या चुलीवर काहीच शिजले नाही, त्याच्या रिकाम्या पोटास उपवास म्हणणे ही थट्टा आहे. आणि जेवून उठलेल्या माणसाने उपाशी माणसास उपवासाचे महत्त्व सांगणे ही तर थट्टेहून वाईट गोष्ट आहे. समाधानाचेही तसेच आहे. मी माझ्या इच्छेस आळा घातला तर तो सद्गुण. दुसऱ्याच्या इच्छेस मी आळा घातला तर तो अंमल. ह्या दोहोंस एकच नाव दिल्यामुळे आपली बुद्धी फसते.

आपल्या ह्याच डहाणू-तलासरीच्या मुलखात ही फसगत किती काळ चालली हे वडीलधाऱ्यांनी ऐकलेले आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यावे आणि त्या फेडीसाठी नवऱ्याने, आणि पुष्कळदा त्याच्या बायकोनेही, सावकाराच्या घरी व शेतावर वर्षानुवर्षे राबावे. अशा माणसास लग्नगडी म्हणत. कर्ज फिटले की नाही हे सावकाराच्या वहीस ठाऊक, आणि वही वाचता येणारा मनुष्य पाड्यावर नाही. ह्याशिवाय वेठ होतीच. जमीनदाराने बोलाविले की आपले शेत टाकून त्याच्या शेतावर जावयाचे. मुंबई सरकारचे अधिकारी सिमिंग्टन ह्यांनी १९३९ च्या सुमारास डोंगरी जमातींच्या स्थितीविषयी अहवाल दिला, त्यात ह्या वेठीचे वर्णन आहे. तेव्हा जमीनदार काय म्हणत असतील? हेच की, वारली भोळा आहे, त्याला फार लागत नाही, तो आहे त्यात सुखी आहे. दुसऱ्याच्या समाधानाची एवढी खात्री त्यालाच असते, ज्याचा त्यात नफा असतो.

पुढे २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे हजारो वारली जमले. शामराव व गोदावरी परुळेकर हे किसान सभेचे पुढारी तेथे होते. वेठ करावयाची नाही, आणि जमीनदाराच्या खासगी जमिनीवर रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय काम करावयाचे नाही, असा निश्चय तेथे झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांचा गोळीबार होऊन पाच माणसे मेली. गोदावरीबाईंनी ही सर्व हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात १९७० साली लिहिली. त्यांचे राजकारण कोणास पटो वा न पटो, प्रश्न नीतीचा आहे: बारा आणे मागणे ही हाव होती काय? दिवसभर घाम गाळणाऱ्याने त्याचे मोल मागितले म्हणून त्यास असंतुष्ट म्हणावे, आणि मोल न देणाऱ्यास काहीच म्हणू नये, हा कोणता न्याय?

येथे एक शंका येईल, आणि ती मलाही आली. इच्छेस एकदा मोकळे सोडले की ती थांबते कोठे? काल ज्याच्या मानेवर जू होते, तो आज दुसऱ्याच्या मानेवर ते ठेवीत नाही काय? वाचकहो, हे खरे आहे. आमच्याकडे उचल घेऊन आलेला मुकादम कोणी परका सावकार नाही. तो आपल्यातलाच आहे. त्याचा बाप स्वतः भट्टीवर विटा वाहून म्हातारा झाला. मुलगा हुशार निघाला. त्याने ठरविले की आपण वीट उचलावयाची नाही, वीट उचलणारी माणसे पुरवावयाची. त्याची उमेद मोठी, कष्टही मोठे. आज त्याच्या घराला स्लॅब आहे. तेव्हा केवळ वर चढण्याची इच्छा आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही. पायरी कशाची केली हे पाहावे लागते. काही माणसे दगडाच्या पायऱ्यांवरून चढतात, काही माणसांच्या पाठीवरून.

ह्याउलट ह्याच तालुक्यात दुसऱ्या प्रकारची उमेदही होऊन गेली. ताराबाई मोडक ह्या शहरात बालशिक्षणाचे काम करून नावारूपास आलेल्या बाई. १९४५ साली, म्हणजे झरीच्या त्याच वर्षी, त्या बोर्डीस आल्या आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि थोड्याच महिन्यांत त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीस 'आता आहे त्यात समाधान मान' असे सांगणारे किती भेटले असतील! त्यांनी ते मानले नाही. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुढे १९५७ साली ह्या दोघींनी आपले काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, गुरे राखावयास जातात, असे दिसले तेव्हा त्यांनी मुलांस दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. अनुताई १९९२ साली वारल्या, तोपर्यंत त्या टेकडीचा त्यांनी ध्यास सोडला नाही. ह्या बायांस महत्त्वाकांक्षा नव्हती असे कोण म्हणेल? फार होती. परंतु तिची किंमत त्यांनी स्वतः भरिली, आणि फळ मात्र पाड्यावरील पोरांच्या पदरी पडले.

आणखी एक उदाहरण घ्या. गंजाडचे जिव्या सोमा मशे लहानपणी आई गेल्याने बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रे काढून आपले मनोगत सांगू लागले. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक लिहिणे हे बायांचे काम. भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो लिहावयाचा. हा पुरुष मात्र लग्न असो वा नसो, नित्य चित्रे काढीत राहिला. पुढे देशोदेशी त्यांची चित्रे गेली, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते वारले. त्यांनी कोणाचे काही हिरावून घेतले नाही. हातचे काम अधिक चांगले व्हावे, एवढीच इच्छा मनुष्याने धरिली तरी ती केवढी मोठी होते, हे त्यांच्याकडे पाहून कळते. अशी इच्छा आणि समाधान एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

तर मग त्या रात्री मी दोन प्रश्नांशी येऊन थांबलो. इच्छा मनात आली की विचारावे: हिची किंमत कोण भरणार? आणि समाधानाचा उपदेश कोणी केला, किंवा आपण करू लागलो, की विचारावे: ह्या समाधानाचा लाभ कोणास? पहिला प्रश्न मुकादमाने स्वतःस विचारला नव्हता. दुसरा मी विचारला नव्हता.

परंतु बापाच्या शब्दाचे काय? तोही प्रश्न उरतोच. घेतलेले पैसे बुडवावे असे मी म्हणत नाही. दिलेला शब्द पाळणे हे गरिबाचेही भूषण आहे, किंबहुना पुष्कळदा तेवढेच त्याच्याजवळ असते. मात्र मनुष्य शब्द देतो तो आपल्या हातांचा. मुलाचे हात बापाने गहाण ठेवावे, हे बरोबर नव्हे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्यानेही हेच सांगितले आहे. स्वतःस अथवा कुटुंबातील माणसास वेठीस बांधणारा करार त्या कायद्याने रद्द ठरतो. बापास हे समजत नव्हते असे नाही. त्याने तीन हात मोजू दिले, कारण दोघांच्या हातांवर घरास पुरेल एवढी उचल मिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ओटीवर बसून मी बापास म्हणालो, "दादा, काल मी पोराला चुकीचे सांगितले." तो पुष्कळ वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चुकीचे असेल गुरुजी, पण पैसे तर खरेच घेतले ना?" हे उत्तर मला मुलाच्या प्रश्नाइतकेच जड गेले. नुसती चूक कबूल करून मी मोकळा होऊ पाहत होतो, आणि ओझे मात्र त्याच्याच पाठीवर राहणार होते. फुकट सल्ला देणाऱ्याने थोडी झीज सोसावी हेच योग्य, असे जाणून मी तिसऱ्या माणसाच्या वाट्याची उचल मुकादमास परत केली. ही काही मोठी गोष्ट नव्हे. माझ्या मुलांच्या एका वर्षाच्या फीपेक्षा ती रक्कम लहान होती, आणि हेच मला अधिक लागले. आईबाप भट्टीवर गेले. मुलगा आजीजवळ राहिला. सुटीत तो काम करून ती रक्कम मला फेडणार असे म्हणतो. मी नको म्हणत नाही, कारण त्याचा मान त्याने राखावा.

तो मुलगा पुढे मोठा होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. कदाचित नापासही होईल. शिकलेली सर्वच मुले चांगली निघतात असेही नाही. मुकादमही सातवीपर्यंत शिकलेला आहे. परंतु नापास होण्याचा अधिकार माझ्या मुलांस आहे, तो त्यासही असावा.

शेवटी आपल्या शेतातलीच गोष्ट सांगतो. राबात भाताचे रोप दाट उगवते. ते तेथेच राहू दिले तर पिवळे पडते. ते उपटून शेतात लाविले पाहिजे. उपटताना मुळांस दुःख होते, पण त्यावाचून लोंबी धरत नाही. मात्र लावताना दोन रोपांत अंतर ठेवितात, एकाने दुसऱ्याचा वाटा खाऊ नये म्हणून. रोपास 'राबातच समाधान मान' असे कोणी शेतकरी म्हणत नाही, आणि सारे शेत एकाच रोपास कोणी देत नाही. मनुष्याच्या इच्छेविषयी ह्याहून अधिक तत्त्वज्ञान मजजवळ नाही. पुढल्या खेपेस दुसऱ्यास समाधान शिकवावयास आपले तोंड उघडेल, तेव्हा प्रथम आपण आपल्या ताटाकडे पाहावे, एवढेच माझे मागणे आहे.