देवघर नेमकं कुठे? (गीता, अध्याय 6, श्लोक 11)



आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला अकरावा. अर्जुनाला ध्यान कसं करायचं ते सांगताना भगवंत आधी जागेबद्दल बोलतात. जागा स्वच्छ हवी. आसन आपलं स्वतःचं आणि स्थिर हवं. ते फार उंच नको, फार खाली नको, आणि त्यावर दर्भ, मृगाजिन, वस्त्र अंथरलेलं हवं. एवढंच. कॉलेजपासून मी हा श्लोक म्हणतेय, पण खरं सांगू? तो मला कळला गेल्या वर्षी, आईने पूजा सोडली तेव्हा.

सोडली म्हणजे रुसून वगैरे नाही. हळूहळू सुटली. आधी रोजची पूजा एक दिवसाआड झाली, मग सोमवार आणि गुरुवार, मग नुसता सकाळी उदबत्तीचा वास. एका रविवारी मी बघितलं तर बाळकृष्णाच्या अंगावर आदल्या आठवड्याचं गंध वाळून पापुद्रा धरलेलं. आमच्या घरात असं मी कधी पाहिलं नव्हतं.

थोडं मागे जाते. आम्ही मूळचे सातारकडचे. आजोबा गिरणीत लागले तेव्हापासून लालबागला, चाळीत. 10 बाय 12 ची खोली, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी. पोटमाळ्याच्या शिडीखाली सागवानी देव्हारा, त्यात खंडोबा-जोतिबाचे टाक, आईने माहेरून आणलेली अन्नपूर्णा, बाळकृष्ण, आणि आजीने पंढरपूरहून आणलेली विठ्ठल-रखुमाईची जोडी. आई पाटावर बसायची. गुडघे दुखायला लागले तशी छोट्या स्टुलावर. बाकी सगळे तिच्या मागून ये-जा करत असायचे, कुणी डबा भरतोय, कुणी बादली घेऊन नळाकडे पळतोय, आणि तिची पूजा चालू.

मग चाळ पाडली, आम्ही भाड्याच्या घरात गेलो, आणि तिथेच बाबा गेले. नव्या टॉवरमधल्या सतराव्या मजल्यावरच्या घराची चावी हातात आली तेव्हा दादाच्या मनात एकच होतं: आता या घरात काही वाईट घडायला नको. त्यामुळे त्याने वास्तू बघणाऱ्या एका गृहस्थांना बोलावलं याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. भीती होती बिचाऱ्याला. आणि मी तरी काय म्हणणार होते? मी पण घाबरलेलीच होते.

त्या गृहस्थांनी मोबाइलवर कंपास लावला, घरभर फिरले आणि सांगितलं, देवघर ईशान्येलाच. आता हे त्यांच्या मनचं नाही बरं का. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकातल्या ग्रंथात, वास्तुविद्येचा अख्खा अध्याय आहे. त्यात देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, भांडीकुंडी नैऋत्येला आणि धान्य वायव्येला असंच सांगितलंय. वास्तुपुरुषाची गोष्टही तिथे येते. देवांनी मिळून एका प्रचंड भूताला जमिनीवर पालथं पाडलं, ज्या देवाने जो अवयव धरला तिथे तो कायमचा बसला. असे 45 देव. घराच्या जागेचे 9 गुणिले 9, म्हणजे 81 चौकोन करायचे. मधले नऊ ब्रह्मदेवाचे. डोकं ईशान्येला. किती सुंदर कल्पना आहे बघा, आपण भिंत घालतो ती नुसत्या मातीवर नाही, कुणाच्या तरी अंगावर, म्हणून जपून.

आमच्या घराच्या ईशान्येला काय होतं? स्वयंपाकघरामागची, कपडे वाळत घालायची चिंचोळी गॅलरी. वॉशिंग मशीन तिथून काढून बाथरूममध्ये कोंबलं आणि भिंतीवर छातीच्या उंचीला नवीन पांढरंशुभ्र देवघर बसवलं. मागे दिव्यांची पट्टी. दिसायला छानच होतं. जुना देव्हारा गुंडाळून पलंगाखाली गेला.

पण तिथे बसायला जागाच नव्हती! उभं राहून पूजा. सतराव्या मजल्याचा वारा निरांजन टिकू देईना. डोक्यावर ओले कपडे. आईचे गुडघे दहा मिनिटांच्या वर उभं राहू देत नव्हते, आणि तिची पूजा तर पाऊण तासाची. तिने तक्रार केली नाही, कारण दादाने हौसेने केलेलं. ती फक्त कमी करत गेली.

त्याच सुमारास पुनर्विकासाच्या फायलीत चाळीचा जुना नकाशा माझ्या हाती लागला. त्यावर उत्तरेचा बाण होता. सहज म्हणून आमची खोली शोधली. ईशान्येला मोरी! आणि देव्हारा नैऋत्येला, शिडीखाली. जिथे शास्त्राप्रमाणे भांडीकुंडी ठेवायची तिथे आमचे देव साठ-पासष्ट वर्षं नांदले.

मी नकाशा दादाला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणूनच बाबा..." आणि थांबला. मला पोटात कसंतरी झालं. मी म्हटलं, "दादा, याच देव्हाऱ्यासमोर तुझा दहावीचा पेढा ठेवलाय, माझी वहिनी याच देव्हाऱ्याला नमस्कार करून घरात आली. तेही मग नैऋत्येमुळेच म्हणायचं का?" तो काही बोलला नाही. पण वास्तूचा विषय त्याने परत काढला नाही.

म्हणून वास्तुशास्त्र खोटं, असं मला म्हणायचं नाहीये. ईशान्य का, हे नीट बघितलं तर पटतं. सकाळचं कोवळं ऊन तिथून येतं. जूनमध्ये मुंबईत सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, साधारण 25 अंश उत्तरेकडे सरकून उगवतो. मोकळ्या जमिनीवरच्या, चौक असलेल्या घरात तो कोपरा सकाळी उजळलेला आणि दुपारी गार. पूजेला याहून बरी जागा कुठली? पण ग्रंथकारासमोर होती आख्खी जमीन आणि त्यावरचं आख्खं घर. वास्तुपुरुष जमिनीवर पालथा आहे. त्याच्यावर सतरा मजले रचून त्यातल्या एका मजल्याच्या तुकड्याला परत त्याचं डोकं-पाय चिकटवायचे, ही ओढाताण आपली आहे. ती वराहमिहिराच्या माथी मारू नये. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गच्या चाळींचंही काम सुरूच आहे. इतक्या घरांत देव्हारे हलणार. नकाशा आर्किटेक्टने आधीच काढलेला. ईशान्येला कुणाकडे बाथरूम येईल, कुणाकडे लिफ्टची भिंत. त्या सगळ्यांनी घाबरून जगायचं का?

(आणि हो, मोबाइलच्या कंपासवर फार विसंबू नका. स्लॅबमधल्या सळया आणि लिफ्टजवळचं लोखंड सुई ओढतं. 20-21 मार्चला सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. मी त्या सकाळी शिवडीच्या बाजूला बघत उभी राहिले, तर आमची ती ‘ईशान्य’ पूर्वेकडे चांगलीच सरकलेली निघाली!)

शेवटी मी आमच्या दादरच्या गुरुजींना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आईने दिशेचं विचारलंच नाही. तिने विचारलं, "गुरुजी, खुर्चीवर बसून केलेली पूजा पोचते का हो?" म्हणजे इतके महिने हे मनात होतं! गुरुजी हसले. म्हणाले, "ताई, मानसपूजेला तर पाटही लागत नाही. तुम्ही निवांत बसा." मग दिशेचं मी विचारलं. ते म्हणाले, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून बसता आलं तर उत्तमच, जमेल तेवढं सांभाळा. पण तंत्रमार्गातल्या पूजेत एक संकेत आहे: पूजा करणारा आणि देव यांच्या मधली जी दिशा, तीच पूर्व मानायची. आवरणदेवतांच्या जागा त्यावरूनच ठरवतात.

मी फोन ठेवला आणि नुसती बसून राहिले. देव आणि मी यांच्या मधे पूर्व! आम्ही घरभर कंपास घेऊन जी शोधत होतो ती.

मग परत हा श्लोक काढला, ज्ञानेश्वरीसकट. श्लोक ध्यानासाठी आहे, देवघरासाठी नाही, हे मला माहीत आहे. पण माऊली ‘फार उंच नको, फार खाली नको’ याचं कारण सांगतात: उंच झालं तर अंग डोलेल, खाली झालं तर जमिनीचा दोष लागेल. इतका साधा, शरीराचा विचार. आणि जागा कशी असावी तर, मनात हजार इच्छा असलेला माणूस चुकून तिथे आला तरी परत निघायचं विसरेल अशी. आमच्या गॅलरीत आईला आल्या आल्या निघावंसं वाटत होतं.

तेव्हा आम्ही आसनापासून सुरुवात केली. आईला आधी खुर्चीवर बसवलं, मांडीवर ताम्हण दिलं, हात कुठवर सहज पोचतो ते दादाने टेपने मोजलं. त्या उंचीचा ओटा हॉलच्या पूर्वेच्या भिंतीला, खिडकीपासून जरा लांब, वारा लागू नये म्हणून. वर तोच जुना सागवानी देव्हारा. लालबागच्याच सुताराकडून पॉलिश करून घेतला, पण आतलं छत आईने घासू दिलं नाही, तिथे आजीच्या समईची काजळी आहे. ओट्यावर काळा कडप्पा, खाली दोन खण: एकात वाती, कापूर, उदबत्त्या, दुसऱ्यात पोथ्या. निर्माल्याचा डबा हाताशी. तीर्थाचं पाणी तुळशीला. समई छतावरच्या स्प्रिंकलरच्या बरोबर खाली येणार नाही हेही बघितलं. त्याची लाल काचनळी साधारण 68 अंशांना फुटते, आणि त्या अभिषेकाची आम्हाला हौस नव्हती. दिव्यांची पट्टी नाही.

त्या भिंतीवर टीव्ही लागणार होता. तो आता दादाच्या बेडरूममध्ये आहे. यावरून वहिनी आणि माझं थोडं वाजलं, ते इथे लिहीत नाही.

पहिल्या दिवशी आई सव्वासहाला बसली ती सव्वासात झाले तरी उठेना. मी चहा घेऊन गेले तर टाक पितांबरीने लख्ख झालेले आणि बाळकृष्णाला नवीन गंध. मागून दादा डबा भरत होता, भाचीची गाडी खाली हॉर्न देत होती. आईने नुसता हात वर केला, थांब म्हणून, आणि घंटा वाजवली.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये समोरच्या काकूंनी विचारलं, "काल आमच्यापर्यंत घंटा ऐकू आली हो. आरती किती वाजता असते तुमची?"