अंगठ्यानंतरचा एकलव्य

"देवानं पाय काढून घेतले, तर निवांत बसावं, नाव घ्यावं. धनुष्य कशाला हाती धरतोस?" माझी आत्या विचारते. तिला मी उडवून लावत नाही, कारण हा प्रश्न माझाही आहे. शरीर थोडंथोडं परत घेतलं जात असताना त्याच शरीरानं खेळावं का? आणि खेळलं तर त्यात आनंद मानणं योग्य का?

मला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. शाळेत शिकवत असताना आधी डावा डोळा धूसर झाला, मग पाय ताठरू लागले. आमच्या गावात, पोशेऱ्यात, कोणी लकवा म्हणालं, कोणी बाहेरचं. भगतानं तांदूळ पाहिले. नाशिकला एमआरआय झाला तेव्हा आजाराचं नाव कळलं. अंगाचं रक्षण करणारी यंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण कुरतडते. वायरीवरचं रबर गेल्यासारखं होतं, संदेश वाटेत गळतो. अंग तापलं की ते आणखी वाढतं. श्रमानंतर नजर मंदावते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० मध्येच टिपून ठेवलं होतं. अंग गार झालं की गेलेली ताकद बरीचशी परत येते. म्हणून ऊन चढायच्या आत मी माळावर जातो, गळ्याला ओला पंचा गुंडाळतो. शाळेतली लाकडी खुर्ची पोरं दोरीनं खुंट्यांना बांधतात, नाहीतर उतारावर ती हलते. समोर भाताच्या पेंढ्याचा भारा. हातात बांबूचा तिरकामठा. लहानपणी आम्ही सगळेच तो वापरायचो, माझे आजोबा तर त्यावर रानात पोट भरायचे.

धनुष्य हाती आलं की एकलव्य आठवणारच, आणि आमच्या डोंगरातल्या माणसाला तर तो जास्तच आठवतो. ही गोष्ट सगळे अंगठ्यापाशी थांबवतात. कोणी गुरुभक्ती शिकवतं, कोणी द्रोणांचा अन्याय दाखवतं. तो अन्याय होताच, मी वर्गात तसंच सांगतो. पण आदिपर्व अंगठ्यापाशी थांबत नाही. व्यास पुढे सांगतात की त्यानंतर तो उरलेल्या बोटांनी धनुष्य ओढू लागला, मात्र पूर्वीइतका चपळ राहिला नाही. दोनच गोष्टी, त्याही जाता जाता सांगितलेल्या. आजारानंतर मी ते वाचलं आणि बराच वेळ पान उलटलं नाही. सर्वश्रेष्ठ होण्याची वाट बंद झाल्यावर या माणसानं धनुष्य खाली ठेवलं नाही. गुरू बघत नव्हता, स्पर्धा उरली नव्हती, अर्जुनाला भीती राहिली नव्हती. तरी दोरी ओढायची होती. का? व्यास कारण देत नाहीत. मला वाटतं, त्याला धनुष्य आवडत होतं. धर्म म्हणून जे जे मला शिकवलं गेलं, त्यात या आवडीला फार थोडी जागा होती.

निष्काम कर्म मला आजारानं शिकवलं असं म्हणता येईल. महिनाभर सराव करावा आणि एका झटक्यात बोटं बधिर व्हावीत. मेहनतीला फळ येईलच असा करार या आजारात नाही. पण फळ सोडायचं म्हणजे रसही सोडायचा, हे मला पटत नाही. वारकऱ्यांनी तरी कुठे सोडला? दिंडीत फुगड्या असतात, रिंगण असतं. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, टिपरीचे अभंग आहेत. नामाइतकाच खेळही त्यांना देवाच्या दारातला वाटला.

'तू देह नाहीस' असं समजावणारेही भेटतात. त्यांचं प्रेम मला कळतं. पण दोरी कानापर्यंत येते, खांदा उघडतो, श्वास थांबतो, त्या घडीला मी देहाच्या पलीकडे नसतो, पूर्ण देहात असतो. आणि तीच घडी मला प्रार्थनेच्या सर्वांत जवळची वाटते. मागच्या जन्मीचं पाप म्हणणाऱ्यांना मात्र माझं उत्तर कठोर आहे. दुःखी माणसाच्या माथी दोष मारणारा हिशेब देवाचा असूच शकत नाही.

डॉक्टरही पूर्वी या आजारात श्रम टाळायला सांगत. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रुग्णांकडून पंधरा आठवडे व्यायाम करून घेतला, तेव्हा दम वाढला, थकवा आणि खिन्नता कमी झाली. खेळाची कथा त्याहून जुनी आहे. २९ जुलै १९४८ ला लंडनचं ऑलिंपिक सुरू झालं, त्याच दिवशी स्टोक मँडविलच्या रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जखमी स्त्री-पुरुष सैनिकांची स्पर्धा भरवली. ती धनुर्विद्येची होती. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. २०२४ ला पॅरिसमध्ये हरविंदर सिंगनं रिकर्व्ह धनुष्यावर सुवर्ण मिळवलं, तेही सत्तर मीटरवरून. बसून मारणाऱ्यालाही त्या प्रकारात अंतर तेवढंच असतं.

माझा भारा मात्र तेवढा लांब नाही. या पावसाळ्यानंतर पोरांनी तो आणखी पुढे आणला, आणि ही स्वतःची फसवणूक तर नाही ना, हा विचार मला टोचत राहिला. तेव्हा कूर्मदासाची कथा कामी आली. हातपाय नसलेला हा पैठणचा भक्त पोटावर सरपटत पंढरीला निघाला. लऊळपाशी त्याचं बळ संपलं आणि विठ्ठलच तिथे आला. आत्या हीच कथा मला बसून राहण्यासाठी सांगते. पण विठ्ठल पैठणला आला नव्हता, वाटेत आला होता. आणि आला तेव्हा त्यानं अंतर कमी करण्यात कमीपणा मानला नाही. भारा पुढे आला यात मग मला लाज का वाटावी?

पुढचंही मी ठरवून ठेवलंय. बोचिया नावाचा एक पॅरालिंपिक खेळ आहे. ज्यांना हातानं चेंडू टाकता येत नाही ते तो उतरत्या पन्हाळीवरून सोडतात, आणि पन्हाळ हलवणाऱ्या साथीदारानं मैदानाकडे पाठ करून बसायचं असा नियम आहे. डावीकडे, उजवीकडे, थोडं वर, हे खेळाडूनं सांगायचं. हात दुसऱ्याचे, पण खेळी त्याची. कर्ता कोण, यावर मी इतकी प्रवचनं ऐकली, पण इतकं स्वच्छ उत्तर मला कुठे मिळालं नव्हतं. सातवीतल्या एका पोराला मी हा नियम समजावला आहे. तो सध्या घरामागे बांबू फोडून पन्हाळ करतोय, आणि पाठ फिरवून बसायची सवय आत्तापासून लावून घेतोय.