ओ, यू, जी, एच

इंग्रजीत ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे ओळीने आली की त्यांचा उच्चार नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. ‘थ्रू’मध्ये ती ऊ होतात, ‘दो’मध्ये ओ. ‘टफ’ आणि ‘रफ’मध्ये अफ, खोकल्याच्या ‘कॉफ’मध्ये ऑफ, फांदी या अर्थाच्या ‘बाउ’मध्ये आउ. पुढे टी आला तर ‘थॉट’, ‘बॉट’, ‘फॉट’. लंडनच्या पश्चिमेला ‘स्लाउ’ नावाचे शहर आहे. अक्षर न अक्षर तसेच ठेवून ‘स्लफ’ वाचले, तर सापाने कात टाकणे हा अर्थ होतो.

मराठी शाळेतल्या मुलाला बाराखडीने एक विश्वास दिलेला असतो: जे लिहिले आहे तेच वाचायचे. असे मूल ‘कॉफ’ शिकते आणि दुसऱ्या दिवशी ‘थ्रू’ समोर आला की ‘थ्रॉफ’ म्हणते. वर्ग हसतो. मला या मुलाची बाजू घ्यायची आहे. त्याने एका शब्दावरून नियम काढला आणि तो दुसऱ्या शब्दाला लावून पाहिला; शिकणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? त्याला उत्तर मात्र मिळते, ‘इंग्रजी अशीच आहे, पाठ कर.’ हे उत्तर अपुरे आहे, कारण इंग्रजी मुळात अशी नव्हती.

हजार वर्षांपूर्वी या शब्दांत घशात घासून निघणारा एक ध्वनी होता. बाख या जर्मन संगीतकाराच्या नावाचा शेवट जर्मन माणसाच्या तोंडून ऐकला, तर तो ओळखू येतो. रात्रीला जुन्या इंग्रजीत ‘निख्त’सारखे काहीतरी म्हणत आणि हा ध्वनी साध्या एचने लिहीत. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. फ्रेंच वळणाचे लेखनिक आले, आणि पुढच्या काही शतकांत या ध्वनीसाठी जी-एच ही जोडी रूढ झाली. म्हणजे ही दोन अक्षरे कुणी उगाच घातलेली नाहीत. ती उच्चारली जात होती म्हणून लिहिली गेली.

मग १४७६मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापलेल्या पानाने शब्दांची रूपे हळूहळू पक्की केली, आणि बोलणे नेमके त्याच शतकांत झपाट्याने बदलत होते. दीर्घ स्वरांनी आपल्या जागा सोडल्या. घशातला तो ध्वनी बहुतेक इंग्लंडातून गेला. काही शब्दांत तो विरून गेला, तर काहींत ओठांकडे सरकून फ झाला. एका भागात एक, शेजारच्या भागात दुसरे. आज जे प्रमाण मानले जाते त्यात दोन्ही तऱ्हा मिसळल्या, म्हणून ‘टफ’ आणि ‘दो’ एकाच पानावर नांदतात. स्कॉटलंडमधल्या बोलीत मात्र रात्र अजून ‘निख्त’च आहे आणि तिथल्या सरोवराला ‘लॉख’ म्हणतात.

काही शब्दांत ही अक्षरे खरोखरच उपरी आहेत. उचकीचा ‘हिकप’ आधी पी लावूनच लिहीत. खोकल्याशी त्याचे नाते असावे अशा समजुतीने त्याच्या अंगावर ‘कॉफ’ चढवला गेला. ‘डिलाइट’ फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात जी-एच नव्हते, ‘लाइट’च्या संगतीने ते चिकटले.

हे सारे पुसून सरळ लिहावे, असे अनेकांना वाटले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरच्या १८२८च्या कोशाने नांगराचे स्पेलिंग सुटसुटीत केले आणि ते तिथे टिकले. ऑगस्ट १९०६मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला ३०० शब्द नव्या स्पेलिंगने छापायला सांगितले. ‘दो’ आणि ‘थ्रू’ त्यांत होते. काँग्रेसने विरोध केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना माघार घ्यावी लागली. राष्ट्राध्यक्षाच्या आदेशापेक्षा लोकांच्या डोळ्यांची सवय बळकट ठरली.

मराठीने हाच प्रश्न सोडवला, आणि उलट बाजूने. आपले आजी-आजोबा ‘पांच’, ‘कांटा’, ‘गांव’ असे लिहीत. त्या टिंबांचा उच्चार कुणी करत नव्हते. पण ‘पांच’वरचे टिंब ‘पंच’ची आठवण होती, ‘कांटा’वरचे ‘कंटक’ची. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. लिहिणारे हात मोकळे झाले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. लाखो मुले पहिल्यांदा शाळेची पायरी चढत होती, त्यांच्या वाटेत ही अडचण ठेवण्याचे कारण नव्हते. किंमतही मोजावी लागली. ‘मी जातों’ आणि ‘तो जातो’ यांतला डोळ्यांना दिसणारा फरक गेला. १९६२पूर्वीचे पुस्तक हातात घेतलेल्या आजच्या विद्यार्थ्याला ती टिंबे छपाईतली चूक वाटतात.

कारण माहीत नसले की जुनी खूण अशी चूकच वाटते; म्हणून इंग्रजीच्या तासाला या चार अक्षरांसाठी थोडा वेळ काढावा, असे मला मनापासून वाटते. ‘थिंक’चा भूतकाळ ‘थॉट’ का, याचे उत्तर त्यांच्यातच आहे: फार पूर्वी तच्या आधी आलेला क घासला जाऊन तो घशातला ध्वनी झाला होता, आणि जी-एच त्याचेच चिन्ह आहे. ‘ब्रॉट’, ‘सॉट’, ‘बॉट’ हे शब्द ‘थॉट’बरोबर एका ओळीत लिहून दाखवले, तर ‘थ्रॉफ’ म्हणणाऱ्या मुलाच्या लक्षात येईल की तो शोधत होता तसा नियम इथे खरोखरच आहे, चारही शब्द एकसारखे वाचता येतात.

वरच्या वर्गात आणखी पुढे जाता येईल. ‘नाइट’मध्ये जी-एच आहेत तिथे संस्कृतच्या ‘नक्त’मध्ये क आहे, दिवसभर उपास करून रात्री जेवण्याच्या व्रताला आपण अजून नक्तच म्हणतो. आणि ‘डॉटर’ फळ्यावर लिहून त्याखाली फारसीतला ‘दुख्तर’ आणि संस्कृतमधला ‘दुहिता’ लिहावा. तिन्ही शब्दांचा अर्थ मुलगी, तिन्ही एकाच मुळातून आलेले. दुख्तरचा ख आणि दुहितेचा ह आहे त्याच जागी, इंग्रजीत न उच्चारलेले जी-एच आहेत.