मुलं जिथे, तिथे आपण

एका 'लाइक'ला किती वजन असू शकतं, हे पालघरला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्याबद्दल इथल्या एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिलं, दुसरीने ते 'लाइक' केलं आणि दोघींना अटक झाली. त्यातून एका कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा अटकांसाठी वापरलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं. त्या दोघी सज्ञान होत्या आणि त्यांच्या बाजूने देशभरातून माणसं बोलली. आज त्याच जगात सहावी-सातवीतली मुलं वावरतात. वर्गाच्या ग्रुपमधून काढलं, फोटोखाली कुणी वाईट लिहिलं, मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या रीलमध्ये आपण सोडून सगळ्या आहेत, हे त्या वयात फार लागतं. त्यांच्या बाजूने कोण बोलतं?

संशोधक एमी ऑर्बेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या १० ते २१ वयाच्या १७,४०९ मुलामुलींची अनेक वर्षांची माहिती तपासली. त्यांचा अभ्यास २०२२मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलग्यांमध्ये १४-१५ या वयात ज्यांचा समाजमाध्यमांचा वापर वाढला, त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वर्षभराने कमी झालेलं दिसलं. दोघांमध्येही १९व्या वर्षाच्या सुमारास हे पुन्हा दिसलं. शरीर, मन आणि मैत्री एकाच वेळी बदलत असतात, तेव्हाच हा पडदाही हातात येतो.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या मुलांचं समाधान आधी घटलं, तीही पुढे समाजमाध्यमांकडे अधिक वळली. म्हणजे दुखावलेलं मूल फोनकडे जातं. ऑर्बेन यांनीच अँड्र्यू शिबिल्स्की यांच्यासोबत २०१९मध्ये दाखवून दिलं होतं, की किशोरांच्या स्वास्थ्यातल्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येतो. ही सरासरी झाली. एखाद्या मुलीच्या वाट्याला येणारं दुःख त्याहून कितीतरी मोठं असू शकतं. पण सगळा दोष फोनवर टाकून मोठ्या माणसांना मोकळं होता येणार नाही.

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत घड्याळ पाळीचं असतं. वडील रात्रपाळी करून झोपलेले, आई कामावर, किंवा दोघांपैकी एक डहाणू लोकलने मुंबईच्या दिशेने गेलेलं. शाळेतून आलेलं मूल कुलूप उघडतं, ताट वाढून घेतं आणि फोन हातात घेतं. घर चालवण्यासाठी राबणाऱ्या आईबापांना यासाठी गुन्हेगार ठरवणं अन्यायाचं आहे. पण एका गोष्टीचा जाब आपण स्वतःला विचारलाच पाहिजे. खातं उघडायला बहुतेक ठिकाणी १३ वर्षांची अट असते. कित्येक घरांत खोटी जन्मतारीख मोठी माणसंच टाकून देतात. दारातून आत सोडायचं आपण, आणि आत मुलाने एकट्याने फिरायचं.

शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी फोन वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. उपाय म्हणून ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर बंदी आणली. आपल्याकडे यवतमाळच्या बांशी ग्रामपंचायतीने २०२२मध्ये १८ वर्षांखालील मुलांसाठी मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगलीच्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात, मोठ्यांचेसुद्धा. मला हा मार्ग जवळचा वाटतो, कारण त्यात मोठ्यांनी स्वतःलाही नियम लावला.

आपल्याच जिल्ह्यात याहून जुना धडा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना दोघींनी पाहिलं, की गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत. मुलांना दोष न देता त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ती कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथे मोठ्यांनी जायचं, ही नीती आजही तितकीच लागू आहे.

सुटीच्या दिवशी अर्धा तास मुलाशेजारी बसावं. त्याच्या पाठीमागे फोन तपासू नये; त्याला काय आवडतं, तिथे कोण त्रास देतं, हे त्यालाच दाखवू द्यावं. शाळेने प्रत्येक वर्गाला एक असे शिक्षक द्यावेत, ज्यांच्याकडे मूल न घाबरता जाईल. त्रास आवाक्याबाहेरचा वाटला, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावा.

आणि एक वचन द्यावं. बरीच मुलं गप्प बसतात, कारण सांगितलं की फोन जाईल, ही भीती असते. "काहीही झालं तरी मला सांग, सांगितलंस म्हणून शिक्षा होणार नाही," एवढं आपण म्हणायचं आहे. त्यासाठी पगार वाढावा लागत नाही, पाळी बदलावी लागत नाही. मूल खरंच सांगायला येईल, त्या दिवशी वचन पाळावं मात्र लागतं.