मागून आलेले आणि त्यामुळे झालेले
(शास्त्रपाठ : योहान 9.1-7)

आपली मुले शाळेत ‘कॉन्सिक्वेन्स’ हा इंग्रजी शब्द शिकतात व ‘परिणाम’ असा त्याचा अर्थ पाठ करितात. हा शब्द लॅटिन भाषेतून आला असून ‘सोबत मागून येणे’ असा त्याचा धात्वर्थ आहे. परंतु मागून आलेली प्रत्येक गोष्ट परिणाम नव्हे, हे मुलांप्रमाणे आपणही शिकले पाहिजे.

खऱ्या परिणामाचे उदाहरण आपल्या नाशिकातच आहे. गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस चर्च मिशनरी सोसायटीने शरणपुरात आश्रय देऊन लिहावयास-वाचावयास शिकविले. त्यांतला जेकब वेनराइट पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या साहाय्यास आफ्रिकेत गेला. 1873 साली चितांबोच्या गावी डॉक्टरसाहेब वारले. तेव्हा याच तरुणाने दफनविधीची उपासना वाचली व झाडावर त्यांचे नाव कोरिले. येथे कारण आणि कार्य यांचा दुवा स्पष्ट दिसतो. अक्षरे शिकविलीच नसती, तर ती कोरिली कोणी असती?

आता दुसरी बाजू पाहा. एखाद्या कुटुंबाचा बाप्तिस्मा होतो आणि त्याच पावसाळ्यात त्याचा बैल मरतो. लागलीच गाव म्हणतो, “कुळदैवत सोडले, त्याचे हे फळ!” आपणही आजारी भावास पाहून त्याचे गुप्त पाप शोधू लागतो. जन्मांधास पाहून शिष्यांनी हेच विचारिले : पाप याचे, की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारिले, आणि देवाचे कार्य प्रगट व्हावे म्हणून त्यास दृष्टी दिली.

तर मग पेरणी-कापणीचा नियम खोटा काय? मुळीच नाही, पौल तो गलतीकरांस (6.7) बजावून सांगतो. दारूत मजुरी बुडविणाऱ्याची मुले उपाशी राहतात, हा परिणाम होय. तेथे पश्चात्तापच हवा. पण बैल फऱ्या रोगाने मेला, तर कारण रोग आहे, बाप्तिस्मा नव्हे. तेथे पुढील पावसापूर्वी उरलेल्या गुरांस लस टोचून घ्यावी.

उपदेशक बंधूंनो, संकटात पडलेल्या घरी जाऊन “कोणत्या पापामुळे?” असे विचारू नका. बैल गेला असेल, तर आपली जोडी एक दिवस त्याच्या नांगरास द्या. मग देवाचे कार्य त्या घरी प्रगट होईल, आणि त्याचे कारण गावासही दिसेल. आमेन.