प्रसूतिवेदना आणि धीराचा शब्द

पवनार येथे एका ख्रिस्ती कुटुंबात सायंप्रार्थनेसाठी चार मंडळी जमली असता एक प्रश्न निघाला, तो आमच्या वाचकांपुढे मांडण्याजोगा आहे. त्या घरची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नागपुरास असताना तिने प्रसूतीची पूर्वतयारी म्हणून एक अभ्यास शिकून घेतला होता. डोळे मिटून श्वास संथ करावयाचा, कपाळापासून पायाच्या बोटांपर्यंत अंगाचा एकेक भाग सैल सोडावयाचा, आणि शांतीचे काही ठरावीक शब्द मनात पुनःपुन्हा म्हणून चित्त एका ठिकाणी स्थिर करावयाचे, असा तो अभ्यास. त्यास कोणी शिथिलीकरण म्हणतात, कोणी स्वसंमोहन म्हणतात.

हे ऐकून तिची आजी म्हणाली, “हव्वेपासून बाईच्या जातीला कळा लागल्या आहेत. देवाने नेमले ते चुकवू नये, बाई.” मंडळीतील एक वडील गृहस्थ म्हणाले, “संमोहन म्हणजे मोहिनी घालणे. ख्रिस्ती माणसाने त्या वाटेस जाऊ नये.” तिसरा एक उत्साही तरुण बंधू होता. तो म्हणाला, “विश्वास पक्का असेल तर ताईला कळा मुळी जाणवणारच नाहीत, मग हा अभ्यास कशाला?” मुलगी बराच वेळ खाली मान घालून बसली होती. शेवटी तिने एवढेच विचारले, “मी हे शिकले, त्यात माझे काही चुकले का?”

विचारणारीस थोड्याच दिवसांत त्या प्रसंगातून जावयाचे आहे. तेव्हा तिला उत्तर देताना आपण पंडिताप्रमाणे नव्हे, तर तिचे भाऊबहीण म्हणून बोलले पाहिजे. तिन्ही मतांचा क्रमाने विचार करू.

आजीबाईंचे म्हणणे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायावर आधारलेले आहे, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. हाच आक्षेप १८४७ साली स्कॉटलंडात चर्चेस आला होता. त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात एडिंबरो येथील डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीत क्लोरोफॉर्म देण्यास आरंभ केला. हे गृहस्थ फ्री चर्चचे सभासद होते. ज्या फ्री चर्चच्या वतीने स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास येऊन पोहोचले, तीच ही मंडळी. धर्मभीरू माणसे शंका घेतील हे जाणून सिम्प्सन यांनी डिसेंबरात एक पत्रक छापून शास्त्राच्याच आधाराने उत्तर दिले. जमीन काटे व कुसळे उगवील असे ज्या अध्यायात सांगितले आहे त्याच अध्यायात स्त्रीच्या क्लेशांची गोष्ट आहे. मग काटे उपटणे पाप नसेल तर क्लेश कमी करणे पाप कसे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली, हेही त्यांनी दाखवून दिले. पुढे १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने आपल्या आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला, आणि लोकांची भीड चेपली.

ह्या युक्तिवादाला मूळ भाषेचाही आधार आहे. सोळाव्या वचनात स्त्रीच्या क्लेशांसाठी जो इब्री शब्द आला आहे, तोच सतराव्या वचनात पुरुषाच्या कष्टांसाठी आला आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यातील शेतकरी कपाशीत डवरा फिरवितो, बाया निंदण करितात, विहिरीवर पंप बसवून घामाची धार थोडी कमी करितात. देवाची शिक्षा चुकविली असे त्यांना कोणी म्हणत नाही. मग पुरुषाच्या वाट्याच्या वाक्यात एवढी सूट, आणि स्त्रीच्या वाट्याचे वाक्य तेवढे अक्षरशः धरावयाचे, हा न्याय कोठला? त्या अध्यायात पतनानंतर जगाची काय दशा झाली ते सांगितले आहे. ती दशा जशीच्या तशी राखण्याची आज्ञा आपणांस दिलेली नाही.

येथे एक अधिक खोल प्रश्न उभा राहतो. वधस्तंभाच्या वेळी गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला असता प्रभूने तो घेतला नाही, असे मार्क सांगतो. मग त्याच्या शिष्यांनीही वेदना तशीच सोसू नये काय? आमचे उत्तर असे की, प्रभूने तो प्याला स्वतःसाठी नाकारला; दुसऱ्या कोणाही दुःखिताला त्याने वेदना सोसत राहा असे सांगितले नाही. ज्या कोणी त्याजकडे बरे होण्याची याचना केली, त्यांना त्याने स्पर्श केला आणि उठविले. पवनार येथेच १९८२ सालच्या नोव्हेंबरात आचार्य विनोबा भावे यांनी आजारपणात अन्न व औषध सोडले आणि १५ तारखेस देह ठेविला. त्या निश्चयाविषयी कोणाचे मत काहीही असो, तो त्यांचा स्वतःचा निश्चय होता. मनुष्य आपल्या वाट्याचे दुःख स्वेच्छेने स्वीकारू शकतो; परंतु दुसऱ्याने, विशेषतः ज्याला ते दुःख कधीच व्हावयाचे नाही अशा पुरुषाने, ते स्त्रीवर धर्माच्या नावाने लादावे हे ख्रिस्ताच्या रीतीला धरून नाही.

आता दुसरे मत. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात जादूटोणा व मंत्रतंत्र यांचा निषेध आहे, आणि तो आम्हांस पूर्ण मान्य आहे. संमोहन त्यात मोडते काय, एवढाच प्रश्न आहे. नावाचा इतिहास पाहिला तर वडिलांची शंका समजण्यासारखी आहे. अठराव्या शतकात मेस्मर नावाच्या डॉक्टरांनी प्राण्यांच्या शरीरात एक चुंबकीय द्रव्य वाहते असे प्रतिपादन केले. १७८४ साली पॅरिस येथे नेमलेल्या विद्वानांच्या समितीने असे द्रव्य असल्याचा काही पुरावा नाही असा निर्णय दिला. त्यानंतर मँचेस्टरचे शस्त्रवैद्य जेम्स ब्रेड यांनी १८४३ साली ग्रंथ लिहून दाखविले की, ह्या अवस्थेत बाहेरून कोणतीही शक्ती अंगात शिरत नाही. एकाच गोष्टीवर लक्ष खिळल्यामुळे ती अवस्था येते. आपल्या देशात १८४५ साली हुगळी येथे डॉक्टर जेम्स एस्डेल यांनी रोग्यांस मोहनिद्रेत ठेवून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढल्या वर्षी कलकत्त्यास त्यासाठी एक रुग्णालयही उघडले गेले. क्लोरोफॉर्म आल्यावर ती रीत मागे पडली.

ज्या आईने रडणाऱ्या लेकराला थोपटत एका सुरात अंगाई म्हटली आहे, तिला संथ शब्दाचा देहावर काय परिणाम होतो हे निराळे शिकवावे लागत नाही. आजच्या अभ्यासात गर्भवती स्त्री जागी असते, ऐकते, बोलते, आणि वाटेल तेव्हा थांबते. तिची इच्छा कोणी हिरावून घेत नाही. उलट भयाने सैरभैर होणारे मन ती आपल्या ताब्यात ठेवावयास शिकते. गलतीकरांस लिहिताना पौलाने आत्म्याच्या फळांत इंद्रियदमन गणले आहे. तथापि वडिलांच्या शंकेत सावधगिरीचा जो अंश आहे तो टाकून देऊ नये. शिकविणारा कोणी मंत्र जपावयास सांगेल, आपल्यावाचून तुझी सुटका नाही म्हणेल, डॉक्टरांकडे जाऊ नको म्हणेल, किंवा भरमसाट पैसे मागेल, तर त्याच्यापासून दूर राहावे. आणि मनात धरावयाचे शब्द आपलेच असावेत. तेविसाव्या स्तोत्रातील मेंढपाळाचे चित्र ज्या मुलीने लहानपणापासून मनात बाळगले आहे, तिला दुसरीकडे शब्द शोधावयास जाण्याची गरज नाही.

तिसरे मत आम्हांस सर्वांत घातक वाटते, कारण ते विश्वासाचा वेष घेऊन येते. ग्रँटली डिक-रीड नावाचे एक भाविक इंग्रज डॉक्टर होते. तरुणपणी लंडनच्या व्हाइटचॅपल भागात एका गरीब बाईच्या बाळंतपणास ते गेले असता तिने क्लोरोफॉर्म नको म्हटले, आणि प्रसूती झाल्यावर आपल्याला विशेष दुखले नाही असे सांगितले. त्यावर विचार करून त्यांनी १९३३ साली आणि पुन्हा १९४२ साली ग्रंथ लिहिले. भयाने अंग ताठते, ताठल्याने वेदना वाढते, वेदनेने पुन्हा भय वाढते, हे चक्र तोडले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात पुष्कळ तथ्य आहे. परंतु एका बाईचा अनुभव हा सर्व बायकांचा कायदा होत नाही. गर्भाशयाचे आकुंचन, त्याच्या मुखाचे ताणणे, बाळाचे डोके कसे आडले आहे, आईचा कटिभाग केवढा आहे, ही सर्व देहाची कारणे आहेत. ती मनाच्या बळाने नाहीशी होत नाहीत.

वैद्यकीय चाचण्यांची पडताळणी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१६ साली प्रसूतीतील संमोहनाविषयीच्या नऊ चाचण्या तपासल्या. त्यांत सुमारे तीन हजार स्त्रिया होत्या. अभ्यास केलेल्या स्त्रियांना वेदनाशामक औषधांची गरज एकंदरीत काहीशी कमी पडली, असे दिसले. परंतु पाठीच्या कण्यातून देतात त्या इंजेक्शनाची गरज कमी झाल्याचे दिसले नाही, आणि नैसर्गिक प्रसूतींची संख्या वाढल्याचेही स्पष्ट दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली श्वासाचा व अंग सैल सोडण्याचा अभ्यास निरोगी स्त्रीला वेदनेवर उपाय हवा असल्यास द्यावा अशी शिफारस केली. म्हणजे हे साधन उपयोगी आहे, पण मर्यादित आहे.

त्याला विश्वासाची परीक्षा केले, म्हणजे केवढा अनर्थ होतो पाहा. जी मुलगी कळा असह्य होऊन ओरडेल, ती आपल्याला विश्वास कमी होता असे समजून जन्मभर खंतावेल. जिचे पोट फाडून मूल काढावे लागेल, ती आपण हरलो असे मानील. कळांनी ओरडल्याबद्दल खडसावल्याच्या हकीकती आपल्या बायकांच्या तोंडून आधीच कितीतरी ऐकू येतात. त्यांत मंडळीनेही भर घालावी काय? स्तोत्रकर्त्याने देवाजवळ आक्रोश केला. प्रभूने स्वतः वधस्तंभावर मोठ्याने हाक मारली. प्रसवणाऱ्या स्त्रीला दुःख होते हे शिष्यांना सांगताना त्याने तिला दोष दिला नाही; तिच्या दुःखाची व नंतरच्या आनंदाची उपमा घेऊन त्याने त्यांचे सांत्वन केले.

ह्या सर्व विचारात आमच्या डोळ्यांपुढे राहेलीची गोष्ट उभी राहते. उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात, बेथलेहेमाच्या वाटेवर ती प्रसूत होऊ लागली व तिला फार जड गेले. तेव्हा सुईणीने तिला भय धरू नको असा धीर दिला. सुईणीचे बोलणे योग्यच होते. त्या वाटेवर दुसरे कोण काय देऊ शकत होते? मूल जगले, परंतु राहेल वाचली नाही. धीराचा शब्द हवाच, पण केवळ धीराचा शब्द पुरत नाही, असे ह्या गोष्टीतून आम्ही शिकतो. राहेलीजवळ रुग्णालय नव्हते. पवनारच्या मुलीजवळ वर्धा आहे, आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, जेथे १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही चालते. म्हणून रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, पाणी जाऊनही कळा न येणे, किंवा कळा फार लांबणे, यांपैकी काहीही दिसले तर श्वासाचा अभ्यास करीत घरी बसू नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलावून तत्काळ निघावे. मनाच्या शांतीचा खरा उपयोग हाच, की त्या घटकेस घाबरून न जाता योग्य ते करिता यावे.

आणखी एक गोष्ट. कॉक्रेन संस्थेने २०१७ साली सतरा देशांतील सव्वीस चाचण्या तपासल्या, त्यांत पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. कळा देणाऱ्या स्त्रीजवळ आरंभापासून शेवटपर्यंत कोणीतरी धीर देणारे माणूस असले, तर कळांचा काळ थोडा कमी होतो, शस्त्रक्रिया कमी कराव्या लागतात, आणि त्या प्रसंगाची कटू आठवणही कमी राहते, असे तीतून दिसले. भारत सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक स्त्री सोबतीस ठेवण्याची मुभा दिली. सोबतीला मोठे शिक्षण लागते असेही नाही. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत सांगितले आहे की, १९०० साली धाकट्या मुलाच्या जन्माच्या वेळी सुईण वेळेवर मिळाली नाही, तेव्हा आधी पुस्तक वाचून ठेवलेले असल्यामुळे त्यांनी स्वतः सर्व केले व ते घाबरले नाहीत. पुढे ज्यांनी सेवाग्राम वसविले त्यांचीच ही गोष्ट आहे. आगाऊ मिळविलेले ज्ञान भय घालविते, ते कळा देणारीचे आणि जवळ असणाऱ्याचेही.

गेथशेमानेत प्रभूने आपल्या मित्रांपाशी आपले दुःख दूर करा असे मागितले नाही. आपल्याबरोबर जागे राहा, एवढेच मागितले. आणि ते झोपी गेले. आमच्या मंडळीतील एखादी बहीण कळा देत असता आम्ही तिच्या विश्वासाची चिकित्सा करीत बसलो, आणि तिच्याजवळ रात्रभर जागण्यास कोणी गेले नाही, तर आम्हीही झोपलोच म्हणावयाचे.

तेव्हा त्या मुलीला आमचे उत्तर असे: तुझे काही चुकले नाही. शिकलीस ते मनापासून कर. ते पुरले तर देवाचे उपकार मान. न पुरले तर औषध माग, ओरड, शस्त्रक्रिया लागली तर करून घे, आणि तेव्हाही देवाचे उपकारच मान. तुझा विश्वास तुझ्या कळांवरून मोजला जात नाही.

त्या संध्याकाळी राहेलीचा अध्याय वाचून झाल्यावर आजीबाई काही वेळ गप्प होत्या. त्यांनी स्वतः सहा बाळंतपणे काढली होती, आणि त्यांपैकी दोन मुले वाचली नव्हती. मग त्यांनी नातीला जवळ ओढून म्हटले, “रुग्णालयात तुझ्याबरोबर मीच येईन. ते श्वासाचे कसे करतेस, ते मला आता दाखवून ठेव.”