गडग्यापलीकडची फांदी

झाडाचे मूळ एकाच्या परसात असते आणि फांदी दुसऱ्याच्या अंगणावर झुकलेली असते. त्या फांदीचा आंबा कोणाचा, हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटतो. परंतु अशाच प्रश्नावरून दोन घरांतील सलाम-दुआ वर्षानुवर्षे बंद पडलेली आपण कोकणात पाहतो.

फिकहचे उत्तर स्पष्ट आहे. फांदी कोठेही गेली तरी फळ झाडाच्या मालकाचे. मात्र अंगणावरची मोकळी जागा अंगणाच्या धन्याची. म्हणून फांदीचा त्रास होत असल्यास ती बांधून घेण्यास वा छाटण्यास सांगण्याचा त्याला अधिकार आहे. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात सिद्ध झालेल्या ‘मजल्ला’ या हनफी कायदासंग्रहात हा नियम नमूद आहे. हक्क एवढा स्वच्छ सांगितल्यावर वाद मिटायला हवा. तो मिटत नाही. कारण त्या झाडाचा पाला रोज शेजारीण झाडते, पावसाळ्यात सुकलेली फांदी तिच्याच कौलांवर पडते आणि वानरांना हाकलायला तिचीच मुले धावतात. धनी आखातात नोकरीला, घरी एकटी वृद्ध आई. पाडेली वेळेवर मिळत नाही आणि नारळ माडावरच सुकतात. ज्याचा हक्क आहे त्याचे हात पोहोचत नाहीत. ज्याचे हात पोहोचतात त्याला हक्क नाही.

अशा वेळी आपण सहसा औदार्याचा उपदेश करतो. हंगामात टोपलीभर फळे शेजारी पाठवा, म्हणतो. उपदेश योग्यच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना रश्श्यात पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवण्यास सांगितले होते. तरी या उत्तराने माझे पूर्ण समाधान होत नाही. टोपली दरवर्षी एकाच दिशेने जात राहिली, की देणारा नकळत वरच्या पायरीवर बसतो आणि घेणाऱ्याची मान थोडी खाली जाते. शेजारधर्मात याहून काही अधिक अपेक्षित असावे.

ते अधिक काय, हे मदीनेत दिसते. इ.स. ६२२ मध्ये मुहाजिर मक्केतील घरदार सोडून आले, तेव्हा खजुरीच्या बागा अनसारांच्या होत्या. सहीह बुखारीत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची रिवायत आहे. आमची झाडे आम्हांत आणि आमच्या या भावांत वाटून द्यावीत, अशी विनंती अनसारांनी प्रेषितांना (स.) केली. केवढे हे औदार्य! तरीही प्रेषितांनी (स.) नकार दिला. मग असे ठरले की झाडे अनसारांचीच राहतील, मुहाजिर मेहनतीचा भार उचलतील आणि फळ दोघांत वाटले जाईल. सर्वांनी ते मान्य केले.

या नकाराचा विचार करावा तितका थोडा आहे. झाडांची वाटणी झाली असती, तर एकाने कायमचे गमावले असते आणि दुसरा कायमचा उपकारबद्ध झाला असता. श्रमाची वाटणी झाली, तेव्हा मुहाजिराच्या हातातील खजूर ही भीक राहिली नाही. त्यात त्याचा घाम होता. पुढे ७ हिजरीत खैबरनंतर मुहाजिरांची स्थिती सुधारली, तेव्हा अनसारांनी फळे खाण्यासाठी दिलेली झाडे त्यांनी परत केल्याचे हजरत अनस (रजि.) सांगतात. हक्क कोणाचा हे पहिल्यापासून ठाऊक होते, म्हणूनच परत करणे इतके सहज झाले.

खैबरच्या बागाही तेथील यहुदी रहिवाशांकडेच अर्ध्या उत्पन्नावर मशागतीसाठी ठेवल्या गेल्या. अशा कराराला ‘मुसाकात’ म्हणतात. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी तो मान्य केला नाही, त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) यांनी केला आणि हनफी फतवा शिष्यांच्या मतावर आहे. शाफई मजहबाच्या नव्या मतात ही मुभा खजूर व द्राक्ष यांपुरती आहे, जुन्या मतात इतर फळझाडांनाही आहे. तेव्हा आमच्या कोकणी बांधवांनी रीतसर करार करताना आपल्या आलिमांना विचारावे. मालकाने खुशीने दिलेल्या परवानगीला मात्र कोणाचीच हरकत नाही.

या करारातील एक अट मला फार मोलाची वाटते. हिस्सा अर्धा, तिसरा असा ठरवावा. ‘पन्नास नारळ माझे, उरतील ते तुझे’ असे ठरवता येत नाही. माडाला पन्नासच लागले तर? एकाची झोळी भरेल आणि दुसऱ्याची मेहनत वाया जाईल. ‘गडग्याकडची बाजू तुझी’ हेही चालत नाही, कारण मोहोर नेमका त्याच बाजूचा गळू शकतो. पीक आले तर दोघांना, गेले तर दोघांचे.

ज्याला मेहनत करताच येत नाही, त्याचे काय? विधवा, अपंग, वृद्ध यांना हिशेबाबाहेर ठेवणाऱ्यांसाठी सूरह कलममधील बागवाल्यांची कथा आहे. गरिबांना चुकवून पहाटेच तोडणी उरकण्याचा त्यांनी बेत केला. रात्री बागेवर आपत्ती आली आणि सकाळी त्यांना स्वतःची बागही ओळखता येईना. सूरह अनआममध्येही तोडणीच्या दिवशीच पिकाचा हक्क देण्याची आज्ञा आहे. तेव्हा दोघांच्या वाटणीआधी या लोकांची फळे बाजूला काढावीत. शेजारी कोणत्या धर्माचा, हे तेथे पाहू नये. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पोहोचला का, हे त्यांनी पुन्हा विचारले होते.

बोलणी मोहोर येण्याआधी व्हावीत. आळे कोण करणार, शेणखत कोण घालणार, पाडेल्याची मजुरी कशी द्यायची, झेला कोणाच्या घरी ठेवायचा, हे आधीच ठरावे. रोजचा पाला कोण उचलणार, हेही त्यातच घ्यावे.